कुंपणाला आलेली करवंदं

करवंदाची रोपं विकून संसार केला असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात. बघू देत. हात आता बरे आहेत. गेल्या वर्षी रोपवाटिका भाचीच्या हवाली केली, आणि तेव्हापासून संध्याकाळी सुई आणि भिंग घेऊन दारात बसावं लागत नाही. करवंदाचा काटा मोडतो तो नेमका कातडीच्या आत, आणि दुसऱ्या दिवशी ठणका लागला की मगच तो आहे हे कळतं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटतं. निवृत्त झाल्यावर माणसं उदास होतात म्हणे. मी पहिला आठवडा नुसती झोपून काढला.

वडील पिंपरीत फाउंड्रीत होते. आमच्या घरात झाड म्हणजे तुळशीएवढी जागा लागणारी वस्तू, तीसुद्धा पत्र्याच्या डब्यात. त्या घरातली मुलगी शेतकीचा डिप्लोमा करते म्हटल्यावर वडिलांच्या शिफ्टमधल्या लोकांनी त्यांना बरंच पिडलं. पुढे मी एका कंपनीच्या बागखात्यात लागले. तेव्हा मोठ्या कंपन्यांना स्वतःचं बागखातं असायचं, माळी असायचे, गुलाबांच्या स्पर्धा असायच्या. मग खाती बंद झाली, कंत्राटं आली, आणि मी तळेगाव-चाकण रस्त्याला भाड्याची जमीन घेऊन स्वतःची रोपवाटिका काढली. मधलं सगळं सांगत बसत नाही, त्यात फारशी गंमत नाही.

करवंदच का, ते मात्र सांगायला हवं. चाकणचा प्लॉट म्हणजे मुरूम. त्यावर कंपनी उभी करायची तर हिरवा पट्टा दाखवावा लागतो, आणि साहेब लोकांना हिरवं म्हटलं की हिरवळच सुचते. हिरवळ टँकरच्या टँकर पाणी पिते आणि मे महिन्यात व्हायची ती पिवळी होतेच. अशा दोन हिरवळी मेल्या की कोणीतरी माझा नंबर द्यायचं. करवंदाला मुरूम चालतो, ऊन चालतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. बारा महिने पान हिरवंगार. फेब्रुवारीत पांढरी चांदणीसारखी फुलं येतात आणि गेटवरच्या माणसाला ड्यूटी संपेपर्यंत वास पुरतो. मे महिन्यात फळ. डोंगरातलं लहान, काळं, गोड. बागेतल्या जातीचं मोठं, गुलाबी, आंबट, लोणच्याला एक नंबर.

रोप करायची कृती सोपी आहे, फक्त आळस चालत नाही. पिकलेल्या फळातलं बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. ठेवलेलं बी उगवत नाही. रोप लावल्यावर पहिलं वर्षभर ते काहीच करत नाही, म्हणजे वरून काही करत नाही, खाली मूळ सोडत असतं. या काळात गिऱ्हाइकाचे फोन येतात, ‘ताई, रोप मेलंय का?’ मेलं असतं तर पानं गळली असती, असं मी सांगायचे, आणि ते पुन्हा महिन्यानं तेच विचारायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. माणच्या एका आयटी कंपनीत काम करणारं एक जोडपं आलं होतं, त्यांना टॉवरच्या बाल्कनीत गावाची आठवण म्हणून करवंद हवं होतं, फक्त काटे नकोत आणि पानं खाली पडायला नकोत. मी त्यांना मोगरा दिला. थेरगावचा एक बेकरीवाला दर मेमध्ये कच्ची करवंदं पोत्यानं न्यायचा. केकवर लाल चेरी म्हणून जे मुलं मिटक्या मारत खातात ते पाकात मुरवलेलं करवंद असतं, हे त्यानं मला सांगितलं आणि वर कोणाला सांगू नका म्हणाला. मी सगळ्यांना सांगितलं. त्याचा धंदा काही बसला नाही.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती एका कुंपणाची. त्या कुंपणापायी एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली, आणि आजही ते आठवलं की मी एक मोठा श्वास सोडते.

दत्ता शेळके चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर होता. कंपनी गाड्यांचे पत्र्याचे पार्ट करायची. तो नोकरीला एजन्सीकडे, म्हणजे एजन्सीनं उद्या येऊ नको म्हटलं की विषय संपला. लातूरकडचा माणूस, बोलायला हळू, मिशी मोठी. एके दिवशी सुट्टीच्या वारी मोटरसायकलवर माझ्याकडे आला. कंपनीच्या मागच्या बाजूला काटेरी तारेचं कुंपण होतं आणि तिथून भंगार चोरीला जात होतं. भंगार म्हणजे पत्र्याची कापटं, त्यांना चांगला भाव असतो. तारेचं काय म्हणून मी विचारलं, तर म्हणाला सगळ्यात आधी तारच गेली. त्याच्या ड्यूटीत पुन्हा चोरी झाली तर घरी पाठवू असं एजन्सीनं सांगितलं होतं. त्यानं त्याच वर्षी बायको आणि दोन मुलं गावाहून आणली होती, मुलांना शाळेत घातलं होतं. त्यांच्या गावी शेताला करवंदीचं कुंपण होतं, ते त्याच्या डोक्यात होतं. साहेबांशी तुम्ही बोला, माझं कोण ऐकतंय, असं म्हणाला.

प्लँटचे मुख्य पाटणकर साहेब. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्टीतून दोन कामं काढायची सवय. भिंतीपेक्षा झुडूप स्वस्त पडतंय हे त्यांना लगेच पटलं. मी म्हटलं, डोंगरातली जात लावू, काटा जास्त, दाट होते, फळ बारीक. साहेब म्हणाले, “फळ येणारच आहे तर मोठ्या फळाचीच लावा ना. कुंपणही होईल आणि कँटीनला लोणचंही.” शेळके तोंड उघडणार होता, पण उघडलं नाही. मीही गप्प बसले, कारण मोठ्या फळाची रोपं माझ्याकडे तयार होती आणि ती नेहमीच जरा महाग जायची. माणसाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून जे लावायचं, त्यालाच माणसाला ओढून आणणारं फळ आणायचं, ही अक्कल फक्त कारखान्यातल्या हिशेबी डोक्यालाच सुचू शकते. आणि मला ती तेव्हा चांगलीच वाटली.

दोन ओळी लावल्या, एका ओळीतल्या फटीसमोर दुसऱ्या ओळीतलं रोप येईल अशा. पहिल्या उन्हाळ्यात शेळकेनं कँटीनमधल्या रिकाम्या बाटल्यांना बुडाशी भोक पाडून प्रत्येक रोपाशेजारी एकेक पुरली आणि ड्यूटी संपल्यावर स्वतः भरत फिरला. हे त्याच्या कामात बसत नव्हतं. कुंपण छातीपर्यंत आलं, दाट झालं, आणि चोऱ्या थांबल्या. शेळके मला दर पावसाळ्यात फोन करून झुडपांची खुशाली सांगायचा, घरच्या माणसांची सांगावी तशी.

मग एका मे महिन्यात झुडपं लगडली. इतकी, की फांद्या वाकल्या. त्याच दिवसांत त्याचा फोन आला आणि या वेळी आवाज वेगळा होता.

“ताई, तुमचं झाड माझी भाकर घेऊन जायलंय.”

कुंपणामागे ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे जुनी वस्ती. वस्तीतल्या बाया आणि पोरं सकाळी करवंदांना यायला लागली. बाहेरच्या अंगाची संपली तेव्हा फांद्या वाकवून, खालून सरपटत आतल्या अंगाला येऊ लागली. शेळके पोरांना हाकलायचा, ती हसत पळायची आणि पुन्हा यायची. कंपनीच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट तोंडावर आलं होतं. पाटणकर साहेब कॅमेऱ्याचं चित्र बघत बसले होते आणि त्यांना दिसलं काय, तर भंगाराच्या शेडपाशी एक म्हातारी मांडी घालून बसलीय आणि पदरात करवंदं निवडतेय. साहेबांचा पारा चढला. कुंपण उपटून टाका आणि एजन्सीला सांगा माणूस बदला, असं ते म्हणाले. म्हातारीला उठवलं का नाहीस म्हणून मी शेळकेला विचारलं. तो म्हणाला, माझ्या आईच्या वयाची बाई, तिच्या दंडाला धरून ओढू का?

मी दुसऱ्या दिवशी गेले. मला भीती वाटत होती हे लपवत नाही. झुडपं गेली तर जाऊ देत, मी पुन्हा केली असती. पण शेळके माझ्या झाडाच्या भरवशावर उभा होता आणि ते झाडच त्याला पाडत होतं. साहेबांना मी शांतपणे सांगितलं, की करवंदाचं मूळ खोल असतं, ते आता उपटलं तर ऑडिटवाल्यांना मागे नुसते खड्डे दिसतील. त्यापेक्षा सगळं फळ काढून घेऊ. फळ नाही तर आत यायला कारण नाही. पुढच्या वर्षीपासून डिसेंबरात आतली बाजू छाटू, म्हणजे तिकडे फूलच धरणार नाही. साहेबांना हे पटलं. त्यांनी विचारलं, काढणार कोण? माळी कंत्राटाचे, ते काट्यात हात घालायला तयार नव्हते. करवंदं काढायला येणारी माणसं पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होती आणि त्यांनाच हाकलायचा हुकूम सुटला होता.

शेळकेचं काय, हे मी शेवटी विचारलं. साहेब म्हणाले, ज्याच्या ड्यूटीत म्हातारी आत येऊन बसते तो सिक्युरिटी कसला. ऑडिट होऊ दे, मग बघू. बघू म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही कळलं.

मी आणि शेळके ओढा ओलांडून वस्तीवर गेलो. कॅमेऱ्यातली म्हातारी म्हणजे हौसाबाई. तिच्या ओसरीवर करवंदं वाळत होती आणि बोटं चिकानं काळी झाली होती. शेळकेला बघून तिनं आधी पाणी दिलं. आम्ही चोरी, हद्द, ऑडिट असं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चोरी कसली बाई? कंपनी यायच्या आदी त्या उताराला समदी करवंदीची जाळीच व्हती. दर साली आमी जात व्हतो. मंग मशीन आलं न् जाळी गेली. आता तुमी परत लावली, तर आमी बी परत आलो.”

ज्या माळांवरच्या जाळ्या खरवडून कंपन्या उभ्या राहिल्या, त्याच माळांवर मी वर्षानुवर्षं करवंदाची रोपं विकत होते, आणि आधी इथं काय होतं हे एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. त्याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण त्या घडीला मला शेळकेची काळजी जास्त होती. बोलणं झालं ते असं: गुरुवारी कंपनीला सुट्टी, त्या दिवशी बायांनी पुढच्या गेटानं यायचं, आतलं सगळं फळ काढायचं, कँटीनपुरतं ठेवून बाकी त्यांनीच न्यायचं. बाहेरच्या अंगाचं फळ कायमचं त्यांचं. आत मात्र यायचं नाही, पोरांनाही येऊ द्यायचं नाही. दुसरं कोणी काढणारं नव्हतं म्हणून साहेबांनीही त्या एका दिवसापुरतं हो म्हटलं.

गुरुवारी बाया आल्या आणि सेफ्टी ऑफिसरनं त्यांना अडवलं. नियम म्हणजे नियम. सगळ्यांना मीटिंग रूममध्ये गार हवेत खुर्च्यांवर बसवून हिंदीतली फिल्म दाखवली, आग लागली तर कुठून पळायचं याची. मग प्रत्येकीला हेल्मेट आणि नारिंगी जाकीट. नऊवारी, त्यावर जाकीट, डोक्यावर पदर आणि पदरावर पिवळं हेल्मेट अशा बाया रांगेनं कुंपणाकडे निघाल्या आणि शेळके पुढे चालत होता, हसू दाबत. हातमोजे तेवढे कोणी घातले नाहीत. पिकलेलं फळ बोटाला कळतं, मोज्याला नाही, हे सेफ्टी ऑफिसरला पटवायला मला अर्धा तास लागला.

काम सुरू झालं आणि बघत राहावं असं झालं. एकीनं आकडीनं फांदी वाकवून धरायची, दुसरीनं झरझर काढायचं, मग फांदी हळूच सोडायची. मी आयुष्यभर हे झाड वाढवलं, पण फळ काढताना इतके हलके हात माझ्या रोपवाटिकेत कधी पाहिले नाहीत. संध्याकाळपर्यंत आतली बाजू मोकळी झाली.

तेवढ्यात पाटणकर साहेब आले. सुट्टी असूनही ऑडिटच्या तयारीला थांबले होते. त्यांनी कुंपणावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली, लाइनवरचे पार्ट तपासतात तशी, आणि भंगाराच्या शेडमागे बोट दाखवलं. “तो तुकडा वेगळा दिसतोय.”

खरंच तिथली पानं तपकिरी होती, आणि फळ नसल्यानं तिकडे दिवसभर कोणी हातच घातला नव्हता. शेळकेनं फांदीला हात घातला तर ती अख्खी हातात आली. मागची आली, तिच्या मागचीही आली. करवतीनं कापलेल्या फांद्या पुन्हा जागेवर खोचून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यामागे ओझं घेतलेला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड होतं.

साहेबांनी शेळकेकडे बघितलं आणि मला वाटलं, संपलं. इतके दिवस निदान म्हातारी होती, आता तर त्याच्या नाकाखाली दरवाजाच पाडलेला निघाला. साहेब वळून हौसाबाईला म्हणाले, हे तुमच्यापैकी कोणी केलं का?

तिला राग आला नाही. जवळ येऊन तिनं कापलेल्या बुंध्यावर बोट फिरवलं. “आमी फांदी वाकवतो सायेब, कापत न्हाई. कापली तर फुडल्या साली खायाचं काय?”

मीही बुंधा बघितला. चीक वाळून काळा झाला होता, म्हणजे काम बरंच जुनं, करवंदं पिकायला लागली त्या सुमाराचं. साहेबांनी स्टोअरच्या माणसाला घरून बोलावून भंगार मोजायला लावलं. तो येऊन मोजेपर्यंत आम्ही तिथंच उभे. शेळके एका दगडावर बसला आणि उठला, पुन्हा बसला. भंगार पुरेपूर निघालं. एक कापटसुद्धा कमी नव्हतं. भगदाड पाडलं होतं, वापरलं नव्हतं. ते कोणी पाडलं ते कंपनीनं पुढे शोधलं आणि भंगार उचलणारी माणसं बदलली, एवढंच मला माहीत आहे.

पण वापरलं का नाही, हे त्या संध्याकाळी कोणालाच कळेना. साहेबांनी ते मोठ्यानं विचारलं आणि हौसाबाईला त्यात कोडं असं काहीच वाटलं नाही. “कंदी वापरतील? तांबडं फुटायच्या आदी आमी हितं. दिसभर पोरं. आन् उकाड्याचं आमची गडीमानसं रातच्याला हितंच वड्याच्या काठाला झोपत्यात, दुसऱ्या वाडीचं कोन येऊन करवंदं न्यायला नगं म्हनून. एक टेम्पो आलता दोनदा. आमाला बघून माघारी गेला.”

ज्या माणसांपायी त्यांना कुंपण उपटायचं होतं, तीच माणसं पगार न घेता त्यांच्या कुंपणावर राखण करत होती. साहेब हसले, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाले, “करवंदं असतात तरी किती दिवस?”

जूनपर्यंत, मी सांगितलं.

“आणि करवंदं संपल्यावर?”

हौसाबाई हेल्मेट काढून त्यात सांडलेली करवंदं वेचत होती. तिनं मान वर केली नाही. “मंग शेळकेभाऊ हायेत न्हवं.”

साहेबांनी तिथंच उभं राहून एजन्सीला फोन लावला आणि माणूस बदलायचा नाही असं सांगितलं. मी त्या दगडावर बसले, आणि डोळे भरून आले ते पुसलेही नाहीत. शेळके आमच्याकडे पाठ करून कुंपणाशी उभा होता. मला वाटलं रडतोय, पण तो फोनवर होता, बायकोशी. एवढंच म्हणाला, “बांधलेली भांडी सोड. कुठंबी जायचं न्हाई.”